ओटीपी कोणाला सांगायचा?

नोव्हेंबर महिना उजाडला की देशभरातील निवृत्तिवेतनधारकांची एकच लगबग सुरू होते : हयातीचा दाखला देण्याची. पूर्वी त्यासाठी बँकेत किंवा कोषागारात स्वतः जाऊन उभे राहावे लागे. कारकून मान वर करून पाही, नोंदवहीत सही घेई आणि वर्षभराची निश्चिंती होई. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय सुरू केली. सुरुवातीला ती बोटांच्या ठशांवर चाले; पण वयोमानाने बोटांच्या रेषा पुसट होतात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत, हा अनुभव सर्वत्र येऊ लागला. म्हणून नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची पद्धत आली. आता स्मार्टफोनवर दोन ॲप उतरवून घ्यायची, आधार क्रमांक भरायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, कॅमेऱ्यासमोर चेहरा स्थिर धरायचा आणि सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करायची, की दाखला तयार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून बँकेत न्यावे लागत नाही, ही गोष्ट लहान नाही. या सोयीचे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे.

तरी एक साधा प्रश्न उरतो. त्या वेळी फोन कोणाच्या हातात असतो? बहुतेक घरांत तो मुलाच्या, सुनेच्या किंवा नातवाच्या हातात असतो. घरी कोणी नसेल तर शेजारच्या महाविद्यालयीन मुलाच्या, नाहीतर ठरावीक शुल्क घेऊन दारी येणाऱ्या पोस्टमनच्या. ज्येष्ठ व्यक्ती फक्त चेहरा देते. सरकारी आकडेवारीत मात्र हा व्यवहार डिजिटल दाखला म्हणून त्या ज्येष्ठाच्या नावावर जमा होतो. दरवर्षी अशा कोटीहून अधिक नोंदी होतात आणि त्यांच्या आधारे देशातील वृद्ध डिजिटल झाल्याचे समाधान मानले जाते.

वृद्धांच्या स्मार्टफोन वापराविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. म्हाताऱ्या माणसांना यातले काही जमत नाही, हे एक. आणि आता तर भाजीवाल्या आजीबाईसुद्धा यूपीआयवर पैसे घेतात, हे दुसरे. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच चुकीचे गृहीतक आहे : एक माणूस, एक फोन आणि तो चालवणारे त्याचेच बोट. भारतातील वार्धक्यात फोन असा वापरला जात नाही. तो कोणाच्या तरी मदतीने, कोणाला तरी विचारून, बऱ्याचदा कोणाच्या तरी हातून वापरला जातो. आपले कायदे, बँका आणि ॲप मात्र ही मदत अस्तित्वातच नाही असे धरून चालतात; आणि ती उघड झाली की तिला ग्राहकाची चूक ठरवतात. धोरणाचा घोटाळा येथे आहे.

आधी या लोकसंख्येचा आवाका पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इंडिया एजिंग रिपोर्ट’नुसार २०२२ साली भारतात साठी ओलांडलेल्यांची संख्या १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के होती. २०५० पर्यंत ती ३४.७ कोटींवर जाईल आणि दर पाच भारतीयांतील एक जण साठीपुढचा असेल. या पिढीच्या शिक्षणाचा हिशेबही मांडायला हवा. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांतील साक्षरता ४४ टक्के होती. पुरुषांत ५९ आणि स्त्रियांत अवघी २८ टक्के. त्यानंतर साक्षर पिढ्या वार्धक्यात आल्याने आकडा सुधारला असणार. पण २०११ मध्ये साठीला आलेल्या निरक्षर स्त्रिया आज पंचाहत्तरीत आहेत, आणि वैधव्य, एकाकीपण व औषधपाणी यांचा सर्वाधिक भार असलेला गट हाच आहे.

असे असूनही फोन या पिढीने नाकारलेला नाही, हे विशेष. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मुला-नातवंडांचे जुने फोन घरातल्या वडीलधाऱ्यांकडे येऊ लागले. काच तडकलेला, बॅटरी अर्ध्या दिवसात मान टाकणारा असा तो फोन. पण त्याने दिनक्रमच बदलला. निरक्षर आजीला कळफलकाशी झगडावे लागत नाही. ती माइकचे चिन्ह दाबून बोलते आणि तिच्या बोलीतले कीर्तन, लोकगीत किंवा लोणच्याची कृती समोर येते. ज्या भाषांना शाळेत, कचेरीत जागा मिळाली नाही त्या भोजपुरी, मैथिली, कुमाऊँनी, संथाळी ध्वनिसंदेशांत मोकळेपणाने नांदतात. केरळातून आखातात, पंजाबातून कॅनडात आणि गढवालच्या ओस पडत चाललेल्या गावांतून दिल्लीत गेलेली मुले संध्याकाळी पडद्यावर दिसतात. डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नसेल तर तिचे छायाचित्र काढून शहरातल्या भाच्याला पाठवले जाते आणि गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हे पाच मिनिटांत कळते.

‘शुभ प्रभात’ संदेशांची तर आपण पुरेशी टिंगल केली आहे. सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा आणि खाली एखादे सुवचन. भारतीयांच्या फोनमधील जागा का संपते याचा शोध घेताना गूगलच्या संशोधकांना या चित्रांचा ढीग सापडल्याची बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने जानेवारी २०१८ मध्ये दिली, तेव्हा सारे जग हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. ज्याचे चित्र रोज पहाटे येते त्याचे एखाद्या सकाळी आले नाही, तर गटातील कोणीतरी फोन करून विचारते, ‘‘बरे आहात ना?’’ हाही हयातीचा दाखलाच आहे. तो वर्षातून एकदा द्यावा लागत नाही. रोज आपखुशीने दिला जातो आणि समोर तो तपासणारे माणूस असते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांत वास्तव्य करून मध्यमवयीन व वृद्ध माणसे स्मार्टफोनसह कशी जगतात याचा अभ्यास केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द ग्लोबल स्मार्टफोन’ या ग्रंथाचे म्हणणे असे की, हे तरुणांचे तंत्रज्ञान राहिलेले नाही आणि फोन हे आता केवळ उपकरण नसून माणूस ज्यात राहतो असे एक घर आहे. कल्पना सुंदर आहे. त्यांच्या अभ्यासक्षेत्रांत भारत नव्हता. असता तर एक दुरुस्ती करावी लागली असती. आपल्याकडचे हे घर एकत्र कुटुंबाचे आहे. त्याचे दार लोटलेले असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असते. फोन उघडण्याचा सांकेतिक क्रमांक पाठीमागच्या कव्हरात चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असतो, कारण तो विसरला तर काय, ही भीती चोरीच्या भीतीहून मोठी असते.

इथवरचा फोन हा संवादाचा फोन. तो कोणी सक्तीने शिकवला नाही. त्यात चूक झाली तर फार तर काकूंसाठीचा संदेश व्याह्यांना जातो. पण त्याच उपकरणात आणखी एक फोन दडलेला आहे आणि तो प्रमाणीकरणाचा. शिधापत्रिकेचे ई-केवायसी, बँकेचे केवायसी, गॅसच्या अनुदानाची जोडणी, सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान वयवंदना कार्ड, जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी लागणारी आधार पडताळणी, सरकारी रुग्णालयातील नोंदणी : या प्रत्येक दारावर सहा अंकी ओटीपी विचारला जातो. येथे चूक झाली तर पेन्शन थांबते किंवा खाते गोठते. ज्यांचे बोट कोरडे पडल्यामुळे स्पर्शपटल दाद देत नाही, ज्यांना चष्म्याशिवाय अंक दिसत नाहीत आणि चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, अशांसाठी असून अडचण, नसून खोळंबा अशी या फोनची गत आहे.

त्यातही एक मूलभूत अडचण शहरी धोरणकर्त्यांच्या क्वचितच लक्षात येते. ओटीपी ज्या क्रमांकावर येतो तो क्रमांक त्या वृद्धाचा असतोच असे नाही. आधारची नोंदणी झाली तेव्हा अनेकांकडे फोनच नव्हता. जो हाताशी होता त्याचा, म्हणजे मुलाचा, पुतण्याचा, कधी गावच्या शिक्षकाचा क्रमांक दिला गेला. मुलगा पुढे परराज्यात गेला, त्याने सिम बदलले, क्रमांक बंद पडला. नव्वद दिवस न वापरलेला क्रमांक कंपनी बंद करू शकते आणि काही काळाने तो दुसऱ्याच कोणाला मिळतो. हा क्रमांक जिवंत ठेवण्याचीही किंमत आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर मोठ्या खासगी कंपन्यांचा २८ दिवसांचा साधा रिचार्ज दोनशे रुपयांच्या घरात गेला. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयोगटातील गरीब वृद्धाला केंद्र सरकारकडून मिळणारी मासिक रक्कमही दोनशेच रुपये आहे; ऐंशीनंतर ती पाचशे होते. सुमारे सव्वादोन कोटी लाभार्थी या योजनेत आहेत आणि बहुतेक राज्ये स्वतःची भर घालतात म्हणून गाडा चालतो. तरीही केंद्राचा हिस्सा खात्यात आला की नाही हे कळवणारा फोन चालू ठेवण्यातच तेवढा हिस्सा खर्ची पडावा, हा हिशेब कोणत्याही अर्थमंत्र्याला अस्वस्थ करणारा आहे. दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ संभाषण व लघुसंदेश यांसाठी वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, ते योग्यच झाले.

आता मूळ विसंगतीकडे येऊ. गेली काही वर्षे प्रत्येक बँक, प्रत्येक मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक एकच मंत्र जपते आहे : ओटीपी कोणालाही सांगू नका. सल्ला रास्त आहे. पण वृद्धांच्या घरांतील व्यवहार ओटीपी कोणाला तरी सांगूनच होतात. वाचता न येणारी स्त्री तो सुनेला वाचायला देते. डोळे अधू झालेले निवृत्त शिक्षक नातवाला सांगतात. गावातल्या सेवा केंद्रावर तर फोनच काउंटरवर ठेवला जातो आणि चालक स्वतः अंक पाहून भरतो, कारण रांगेतल्या प्रत्येकाला थांबून समजावत बसला तर त्याचा दिवस सरेल. राज्यव्यवस्था एका हाताने वृद्धांना दुसऱ्याची मदत घेणे भाग पाडते आणि दुसऱ्या हाताने त्या मदतीला बेजबाबदारपणा ठरवते.

याचे परिणाम कागदावरही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना खात्यातून अनधिकृत व्यवहार झाला आणि तो तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर भार पडत नाही. मात्र ग्राहकाने स्वतः गोपनीय तपशील दुसऱ्याला दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचा सारा तोटा त्याचाच. तरुण ग्राहकाच्या बाबतीत हा नियम समजण्यासारखा आहे. पण ज्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनीच अंक वाचावे लागतात त्याच्या बाबतीत हा हलगर्जीपणा कसा? चोर सोडून संन्याशाला सुळी, असे याचे स्वरूप आहे.

गंमत अशी की, कागदी बँकेला ही गोष्ट उमगली होती. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल तर त्याच्या हाताच्या, वेळप्रसंगी पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा आणि दोन स्वतंत्र साक्षीदारांनी, ज्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असेल, त्याची खातरजमा करावी, असे रिझर्व्ह बँकेचे जुने निर्देश सांगतात. त्या नियमात खातेदाराची असमर्थता मान्य आहे, मदतनीसाची गरज मान्य आहे आणि त्या मदतीवर देखरेखही आहे. संयुक्त खाते होते, मुखत्यारपत्र होते. पोस्टमन पत्र आणून देई आणि वाचूनही दाखवी. त्याने पत्र वाचले म्हणून गोपनीयतेचा भंग झाला असे कोणी म्हटले नाही. पडद्यावरच्या बँकेने यातले काहीच सोबत आणले नाही. खाते उघडण्याच्या अर्जात मृत्यूनंतर पैसे कोणाला द्यायचे याचा रकाना आहे. जिवंतपणी मदत कोण करणार, याचा नाही.

या पोकळीत ठग शिरले आहेत. ‘डिजिटल अटक’ या फसवणुकीची पद्धत आता सर्वपरिचित आहे. पोलीस, सीबीआय किंवा सीमाशुल्क अधिकारी असल्याचे भासवून दृक्‌-संवाद साधायचा, तुमच्या आधारवर गुन्हा नोंदला आहे असे सांगायचे, दिवसचे दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवायचे आणि आयुष्यभराच्या ठेवी मोडून ‘पडताळणीसाठी’ दुसऱ्या खात्यात वळवायला लावायच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये याविषयी सावध केले. तरी वर्षभराने अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याला खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या बनावट आदेशांनी कोटीहून अधिक रुपयांना लुबाडले गेले. त्यांच्या पत्राची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

या प्रकरणांवरची सर्वसाधारण प्रतिक्रिया अशी असते, की इतकी शिकलेली माणसे कशी काय फसतात? प्रश्न उलटा विचारायला हवा. ठगाची भाषा त्यांना खरी का वाटते? कारण ती त्यांनी खऱ्या संस्थांकडून ऐकलेली असते. ‘केवायसी अद्ययावत न केल्यास खाते बंद करण्यात येईल’, ‘जोडणी न केल्यास अनुदान थांबेल’ : अशा संदेशांची वृद्धांना वर्षानुवर्षे सवय लावण्यात आली आहे. कारण दिले जात नाही, मुदत मात्र दिली जाते, आणि विचारायला माणूस उपलब्ध नसतो. ज्या नागरिकाने शासनाचा आवाज फोनमधून, धमकीच्या सुरात आणि तातडीच्या मुदतीसह ऐकला आहे, त्याला त्याच सुरातला खोटा आवाज ओळखता येत नाही, यात त्याचा दोष किती? शिवाय दृक्‌-संवाद हे त्याच्या लेखी नातवंडांना पाहण्याचे, म्हणजे विश्वासाचे माध्यम. संवादाचा फोन आणि प्रमाणीकरणाचा फोन यांची सीमा पुसून ठग आत येतो.

त्यावर सरकारी उत्तर एकच : जनजागृती. १९३० ही सायबर फसवणुकीची मदतवाहिनी उपयुक्त आहे, ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ही आहे. पण शिकवण्याच्या बाबतीत या देशाने वृद्धांना चक्क वगळले होते, हे फारसे कोणाला आठवत नाही. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे उद्दिष्ट सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला साक्षर करण्याचे होते आणि पात्रतेचे वय होते १४ ते ६०. साठीच्या पुढचा माणूस शिकण्यासाठी अपात्र. वापरण्यासाठी मात्र बांधील. मोजणीतही तेच. स्त्रियांच्या हाती स्वतःचा फोन आहे का, हे सांगताना आपण ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा दाखला देतो तिच्या २०१९-२१ च्या फेरीतील ५४ टक्क्यांचा आकडा १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपुरता आहे. पाहणी मुळात प्रजनन आरोग्यासाठी आखलेली असल्याने तिची वयोमर्यादा समजू शकते. पण त्याच आकड्यावर सबंध स्त्रीजातीविषयी धोरण बेतले जाते, तेव्हा पन्नाशीनंतरची बाई हिशेबातूनच गळते. पतीचा फोन पतीबरोबर जातो, आणि मग एका विधवेला आपल्याच खात्याचा क्रमांक ठाऊक नसल्याचे कळते.

केरळने ही वयाची अट झुगारली. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लंपारा ग्रामपंचायतीत रोजगार हमीवरील मजूर खात्यात मजुरी जमा झाली की नाही हे पाहण्यासाठी रोजगार बुडवून बँकेच्या रांगेत उभे राहत. त्यांना फोनवर शिल्लक पाहायला शिकवण्यापासून सुरुवात झाली आणि २०२२ मध्ये ती पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर घोषित झाली. तोच प्रयोग ‘डिजी केरलम’ नावाने राज्यभर नेऊन घरोघर पाहणीत आढळलेल्या सुमारे २२ लाख डिजिटल निरक्षरांना प्रशिक्षण देण्यात आले. विद्यार्थी आणि कुटुंबश्रीच्या स्त्रिया यांसारख्या स्वयंसेवकांनी घरी, कामाच्या जागी जाऊन शिकवले. शिकणाऱ्यांत शंभरी पार केलेलेही होते. २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळने स्वतःला देशातील पहिले पूर्ण डिजिटल साक्षर राज्य जाहीर केले. १९९१ च्या साक्षरता चळवळीची आणि २००२ मध्ये मलप्पुरममधून सुरू झालेल्या अक्षय केंद्रांची परंपरा पाठीशी असल्याने हे साधले. उत्तर प्रदेशात किंवा झारखंडमध्ये ते तसेच उतरवता येणार नाही. ‘पूर्ण’ या शब्दाविषयीही मला शंका आहे. जे ॲप मे महिन्यात शिकवले त्याची रचना सप्टेंबरात बदलते, बटण दुसऱ्या कोपऱ्यात जाते आणि सत्तरीच्या विद्यार्थ्याचा आत्मविश्वास तेथेच संपतो. प्रशिक्षण हवेच, पण वार्धक्यात दृष्टी, स्मृती आणि हाताची स्थिरता उतरणीला लागते. आज ज्याला येते त्याला पाच वर्षांनी येईलच असे नाही. म्हणून मदतीचा प्रश्न शिकवण्याने सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे सक्तीच्या प्रत्येक सेवेला माणूस बसलेली खिडकी असली पाहिजे, त्याच मुदतीत आणि जादा शुल्काविना. हे अव्यवहार्य नाही. २०२१ मध्ये करोना लसीकरणात पंचेचाळीसपुढील नागरिकांना केंद्रावर जाऊन थेट नोंदणी करता येत होती. १८ ते ४४ वयोगटाला मात्र केवळ पोर्टलवर विसंबून राहावे लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात डिजिटल दरीकडे बोट दाखवून सरकारला खडसावले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यासाठीही थेट नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या स्त्रीला केवायसीसाठी पापणी लवव असे यंत्र सांगत होते, त्यातून हे प्रकरण उभे राहिले. मोतीबिंदू किंवा कंपवात झालेल्या वृद्धाची अडचण याच जातीची आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि अधिक अवघड आहे : मदतनीसाला कायदेशीर ओळख देणे. खातेदाराने शुद्धीवर असताना, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर एका व्यक्तीचे नाव द्यावे. त्या व्यक्तीने काय करावे याच्या मर्यादा ठरलेल्या असाव्यात. शिल्लक पाहणे, हयातीचा दाखला सादर करणे, केवायसी भरणे, विजेचे बिल ठरावीक रकमेपर्यंत चुकते करणे, इतके चालेल. ठेव मोडणे किंवा नवे खाते जोडणे चालणार नाही. तिला स्वतःचा फोन, स्वतःचा ओटीपी असावा आणि प्रत्येक कृतीपुढे तिचे नाव नोंदले जावे. तंत्रज्ञानाची अडचण नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘यूपीआय सर्कल’मध्ये एका खातेदाराला दुसऱ्या व्यक्तीस महिन्याला १५ हजार रुपयांपर्यंत व्यवहाराची मुभा देता येते. म्हणजे अधिकार वाटून देण्याची यंत्रणा पैसे खर्च करण्यासाठी तयार आहे. दाखला देण्यासाठी, तक्रार नोंदवण्यासाठी नाही.

यावर आक्षेप येईल की, घरचीच माणसे लुबाडतील. आक्षेप खरा आहे. मालमत्ता नावावर करून घेऊन आईवडिलांना घराबाहेर काढणाऱ्या मुलांमुळेच २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा करावा लागला. पण आजची स्थिती काय आहे? मुलाच्या हातात आजही बापाचा फोन आहे, सांकेतिक क्रमांक आहे, ओटीपीही आहे आणि त्याने जे केले ते बापाने केले अशीच नोंद होते. अधिकार अमर्याद, माग शून्य. नाव नोंदवल्याने अधिकार मर्यादित होतो आणि माग राहतो. ज्यांना मुले नाहीत किंवा मुलांवर भरवसा नाही, त्यांच्यासाठी टपाल खात्याचा कर्मचारी, बँक मित्र किंवा पंचायतीने नेमलेली व्यक्ती हा पर्याय असू शकतो.

तिसरी बाब पैशांच्या जबाबदारीची. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पाठवायला लावलेले पैसे ८५ हजार पौंडांपर्यंत परत देणे बँकांना बंधनकारक झाले आहे आणि तो भार पैसे पाठवणारी व घेणारी बँक निम्मा निम्मा उचलतात. ग्राहकाच्या घोर हलगर्जीपणाचा अपवाद आहे, पण दुर्बल ग्राहकांना तो लागू होत नाही. तोटा आपल्या खिशातून जाणार म्हटल्यावर बँका आपोआप जाग्या होतात. सिंगापूरने तर जुलै २०२५ पासून पोलिसांना संशयित बळीच्या खात्यातील व्यवहार तात्पुरते रोखण्याचा अधिकार दिला. आपल्याकडील पोलिसांचा लौकिक पाहता तो रस्ता मी सुचवणार नाही. भारतात निदान इतके करता येईल : सत्तरीपुढच्या खातेदाराने मागितल्यास मोठी रक्कम नव्या खात्यात जाण्यापूर्वी एक दिवसाचा विराम आणि नोंदलेल्या मदतनीसाला सूचना. शाखेत येऊन एकाच दिवशी साऱ्या ठेवी मोडणाऱ्या वृद्धाला ‘‘कोणाचा फोन आला होता का?’’ इतके विचारण्यासाठी तर कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. ज्या कर्मचाऱ्यांनी ते विचारले त्यांनी माणसे वाचवली आहेत.

डिजिटल नोंदींमुळे बनावट लाभार्थी गळाले, असा सरकारचा दावा असतो आणि त्यात तथ्यही आहे. पण गाळणीतून जिवंत माणसेही गळतात. हरियाणात २०२२ मध्ये कुटुंब ओळखपत्राच्या नोंदींत मृत ठरल्याने पेन्शन बंद झालेल्या, शंभरी ओलांडलेल्या एका वृद्धाने नोटांची माळ घालून रोहतकच्या रस्त्यावर आपली वरात काढली, तेव्हा कुठे प्रशासन हलले. सर्वांनाच वरात काढता येत नाही.

ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. ‘मुले’ या व्याख्येत सून व जावई यांचा समावेश आणि निर्वाहभत्त्याची दहा हजारांची कमाल मर्यादा हटवणे, हे त्यातील ठळक बदल होते. ते नव्याने येईल तेव्हा सुनेवर सासऱ्याच्या सांभाळाची जबाबदारी टाकताना, त्यांच्या वतीने बँकेशी आणि पेन्शन कार्यालयाशी बोलण्याचा मर्यादित अधिकारही तिला द्यावा लागेल. त्या अधिकाराचा गैरवापर झाला तर दाद मागायला वेगळी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. याच कायद्यान्वये प्रत्येक उपविभागात न्यायाधिकरण नेमण्याची तरतूद २००७ पासून आहे.